हिरव्या थेंबाची साक्ष

मी रंग बोलतोय. हिरवा. पण कपड्याचा नव्हे आणि भिंतीचाही नव्हे. मला पाण्यात टाकायचं आणि मग ते पाणी कुठे कुठे जातं ते बघत बसायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. पाणी मोठं लबाड. चोरपावलांनी जातं, कुणाला पत्ता लागू देत नाही. मी एकदा त्याच्यासोबत निघालो की मात्र त्याचं लपणं संपलं. बढाई वाटेल, पण अख्ख्या आयुष्यात मी एकदाही खोटी साक्ष दिलेली नाही.

एका कारखान्यात मी तयार झालो. तिथे मोठमोठी पिंपं होती आणि कामगारांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. माझी भावंडं नशीबवान निघाली. कुणी साबणात गेलं, कुणी लोकरीत. एक निळी बहीण शाईत गेली आणि शिकून सवरून मोठी झाली. मला मात्र बोटभर उंचीच्या बाटलीत भरलं, झाकण घट्ट पिळलं आणि नळाच्या सामानाच्या दुकानात धाडून दिलं.

तिथे माझी फार उपेक्षा झाली. एका बाजूला वॉशरची पाकिटं, दुसऱ्या बाजूला पाइप चिकटवायचे डबे आणि मध्ये मी. मी कशासाठी आहे हे दुकानदारच विसरला होता. एकदा एक बाई पडदे रंगवायला रंग मागत आल्या. त्याने मला उजेडात धरलं, हलवून पाहिलं आणि म्हणाला, "हे काहीतरी औषध दिसतंय, ताई. नका घेऊ." मला औषध म्हणाला. राग असा आला की काय सांगू, पण झाकण घट्ट होतं. मी परत फळीवर गेलो आणि माझ्यावर धूळ बसत राहिली.

मग गळतीवाल्या ताई आल्या. घराघरांतली लपलेली गळती शोधून द्यायची हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत. अंगाने धिप्पाड, आवाज खणखणीत, आणि बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार होई. फळीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हा इथे लपून बसलाय होय? मी सगळा बाजार पालथा घातला याच्यासाठी." मला त्यांनी पदराने पुसलं नाही की कौतुक केलं नाही, सरळ पिशवीत टाकलं. पण कुणीतरी मला शोधत होतं, हे ऐकूनच माझा जीव सुपाएवढा झाला.

ताईंची एकच रीत होती. फोडायचं ते सगळ्यात शेवटी. माणसांची रीत नेमकी उलटी असते. छतावर डाग दिसला की माणूस मान वर करतो, वर कोण राहतं ते आठवतो आणि चिडतो. पाणी सरळ खाली पडतं असं त्याला वाटतं. पाणी कसलं सरळ? ते स्लॅबवरून सरकतं, पाइपाला धरून चालतं, वाट मिळेल तिकडे वळतं आणि भलत्याच्याच घरी जाऊन टपकतं. एका घरी मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये उतरलो आणि निघालो कुठे, तर झोपायच्या खोलीत कपाटाच्या मागे. त्या घरातली सासू सुनेला म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते, पाणी कुठेतरी मुरतंय?" सुनेने माझ्याकडे बघून मान डोलावली.

अशी घरं पुष्कळ झाली. पण ज्याचा मला खरा अभिमान आहे, ते घर एका तीन मजली इमारतीत होतं. लिफ्ट नव्हती. सगळ्यात वर मास्तर राहत. जन्मभर त्यांनी गावच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवलं होतं, म्हणून मास्तर. आता गुडघे गेले होते आणि मध्ये एकदा पडल्यापासून काठी आली होती. सोबत त्यांची मुलगी. ती गाडी चालवायला शिकवायची. त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर काका आणि काकू. काकांच्या दोन्ही मुलांना पोहणं मास्तरांनीच शिकवलेलं. इतका घरोबा, पण आता जिन्यात गाठ पडली तरी काका मास्तरांच्या मुलीकडे न बघता पुढे जात.

कारण काकांच्या हॉलचं छत. त्यांनी हौसेने हॉलपासून पार बाथरूमपर्यंत खोटं छत, म्हणजे फॉल्स सीलिंग, करून घेतलं होतं, गुळगुळीत पांढरं, त्यात गोल दिवे. त्यातल्याच एका दिव्याच्या भोकातून पाणी टपकायला लागलं. एका प्लंबरने येऊन मान वर केली, "वरून येतंय" म्हणाला आणि चालता झाला. वर म्हणजे मास्तरांची बाथरूम. झालं, निकाल लागला.

त्या दिवसापासून मास्तरांनी अंघोळ सोडली. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचे. जन्म पाण्यात गेलेला माणूस, पण आपल्यामुळे दुसऱ्याचं घर भिजतंय ही लाज त्यांना सोसेना. पाणीसुद्धा घोट घोट प्यायचे, म्हणजे बाथरूमकडे जायला कमी लागेल. तरी खाली टपकायचं थांबलं नाही. शेवटी काकांनी मास्तरांची बाथरूम फोडायचं ठरवून घेतलं. गवंडी येऊन घण आणि छिन्नी जिन्यात ठेवून गेला होता.

फोडाफोडी चालू असेपर्यंत मास्तरांनी पुतण्याच्या घरी राहायचं होतं. ताई आल्या तेव्हा त्यांची पिशवी बांधून दाराशी ठेवलेली होती.

"बाबांना उतरवता येईल हो, आम्ही दोघं-तिघं धरू," मुलगी ताईंना म्हणाली. "पण ते म्हणतात, या गुडघ्यांनी एकदा खाली गेलो की परत हे घर दिसायचं नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. एकदा नीट बघा."

मास्तर पलंगावरून म्हणाले, "माझ्याच बाथरूमचं पाणी असेल तर खुशाल फोडा, ताई. मी जाईन. पण नक्की माझंच आहे ना, तेवढं कळू द्या."

खरं सांगतो, ताईंनाही आतून वाटत होतं की गळती तिथेच असणार. त्यांनी मोरीच्या तोंडात कापडाचा बोळा दाबून बसवला, फरशीवर पाणी सोडलं आणि त्यात मला ओतलं. क्षणात सगळी बाथरूम हिरवीगार. मी कामाला लागलो. फरशांच्या सांध्यासांध्यांत शिरून बघितलं, पाइपाच्या कडेने फिरलो, भिंतीच्या बुडाशी टेकलो. कुठे फट सापडेना. ज्याने कुणी ती फरशी बसवली होती, त्याच्या हाताला सलाम.

खाली काका दिव्याखाली खुर्ची टाकून बसले होते. ताई, मुलगी, काकू, सगळ्या उभ्या. बराच वेळ गेला आणि मग टप्‌ करून थेंब पडला. नितळ. हिरव्याचा मागमूस नाही. मग दुसरा पडला, तोही तसाच.

"रंग जुना झालाय," काका म्हणाले. "बाटली बघा की, काय अवस्था आहे."

मी चडफडलो. वर मी सगळ्या फरशीवर पसरून बसलोय आणि हे गृहस्थ मला जुना म्हणताहेत. पण तेवढ्यात काकू बोलल्या.

"अहो, मास्तर पडले तेव्हा आठवडाभर दवाखान्यात होते. लेक पण तिथेच. वर कुलूप होतं. तेव्हाही टपकत होतंच की."

"मग हे तू आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही वर बघत होता."

ताईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि हॉलपासून बाथरूमपर्यंतचं ते पांढरं छत पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. "या छताच्या वर काय आहे, काका?"

"काही नाही. पोटमाळा आहे आमच्या बाथरूमवरचा. रिकामा."

"रिकामा कुठला?" काकू म्हणाल्या. "जुनी टाकी आहे ना तिथे."

"ती केव्हाच बंद केली. नवी लाइन आली तेव्हाच कॉक फिरवला आणि मग छत केलं. कोरडी ठणठणीत असणार ती."

बाथरूमच्या दाराशी छताला एक चौकोनी झाकण होतं, विजेच्या तारांसाठी ठेवलेलं. ताई स्टुलावर चढल्या. झाकणातून त्यांचं डोकं काही आत जाईना, पण हात गेला, खांद्यापर्यंत गेला. बाहेर आला तो कोपरापर्यंत ओला. ताईंनी तो हात तसाच काकांपुढे धरला.

काका सहजासहजी हार मानणारे नव्हते. "असेल थोडं साचलेलं. पण ते पाणी इथे हॉलमध्ये येतं कशावरून?"

"हे मी कशाला सांगू? सांगणारा आहे की," ताई म्हणाल्या आणि त्यांनी माझं झाकण उघडलं. मला हळूच म्हणाल्या, "आता तुझ्यावर आहे, बाबा."

मी अंधारात पडलो. टाकी काठोकाठ भरलेली होती. तो बंद केलेला कॉक आतून झिजला होता आणि त्यातून केसाएवढी धार आत येत होती. त्या धारेने मला काठाशी ढकललं आणि मी कडेवरून बाहेर सांडलो. पोटमाळ्यावरून घरंगळलो, खोट्या छताच्या पाठीवर उतरलो आणि पत्र्याची पट्टी धरून हॉलकडे धावत सुटलो. पुढे उजेडाचं एक गोल भोक दिसलं. त्या भोकाखाली काका उभे होते, मान वर करून.

"बघा, काही नाही. मी काय म्हणत होतो, हे सगळं व..."

त्यांचं वाक्य अर्धं राहिलं, कारण मी त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर पडलो होतो.

त्यांनी चष्मा काढला. काच बोटाने पुसली, बोट बघितलं. हिरवं. काकूंनी टेबलावर पांढरी बशी ठेवली आणि पुढचा थेंब तिच्यात पडला, तोही हिरवा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा काकांनी इतके दिवस घातला होता आणि त्यात मास्तरांना घरातून उठवायची वेळ आणली होती. मला इतका आनंद झाला की मी छतावर एक ऐसपैस डाग पाडून ठेवला.

ताईंनी त्या टाकीकडे येणारं पाणी मागूनच तोडलं, टाकी उपसून कोरडी केली. काका स्वतः जिन्यात गेले आणि घण उचलून इमारतीच्या फाटकाशी ठेवून आले. मग ते तिसऱ्या मजल्यावर गेले. दारातली ती बांधलेली पिशवी त्यांनी बघितली आणि तिथेच थांबले.

"मास्तर, पाणी माझंच होतं," ते दारातूनच म्हणाले.

मास्तरांनी ना टोमणा मारला, ना हिशेब काढला. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी आता अंघोळ करू?"

आता माझंही आवरतं घ्यायला हवं. बाटलीत मी तळाशी थोडासाच उरलोय. अजून एखाददुसरं घर होईल, मग संपलो. तुम्हाला एकच विनंती. डाग दिसला की वर जरूर बघा, पण घण मागवण्याआधी आपल्या स्वतःच्या छतामागे आपण काय झाकून ठेवलंय ते एकदा आठवा. तेवढं केलंत तरी माझ्या जन्माचं सार्थक झालं. बाटलीतला मी राहिलो मागे, पण ताईंनी मोरीतला बोळा काढल्यावरही मास्तरांच्या फरशीच्या सांध्यांत माझा जो थोडा अंश उरला होता, त्याचा निरोप कसा झाला ते सांगतो.

काकांनी स्वतः बादली भरली. गरम पाणी, काठोकाठ. मास्तर स्टुलावर बसले, एक तांब्या अंगावर घेतला आणि थबकले. कान खालच्या मजल्याकडे. इतक्या दिवसांची धास्ती अशी कशी जाणार?

"तुम्ही आधी खाली जाऊन बघून या," ते काकांना म्हणाले.

काका धापा टाकत जिना उतरले, त्या दिव्याखाली जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग खिडकीतून त्यांचा आवाज वर आला. "कोरडं आहे, मास्तर. ओता."

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. दोन्ही हातांनी बादलीच उचलली आणि एका दमात डोक्यावर उपडी केली. त्या लोंढ्याबरोबर सांध्यांतला मी उठलो, मोरीत शिरलो आणि ज्या वाटेने पाण्याने जायला हवं त्याच वाटेने खाली गेलो. वरून मास्तरांचा आवाज येत होता. ते काकांना आणखी एक बादली भरायला बोलावत होते.