जित्या माणसाचं विमान

आमच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला आडवं नेत न्हाईत, बसवून नेतात. बांबूचं विमान करतात, म्हणजे खांद्यावर उचलायची खुर्चीच म्हणा. तिला केळीचे खुंट बांधतात, झेंडूच्या माळा सोडतात आन् भजन म्हणत मिरवत नेतात. समाधीतबी बसवूनच ठेवतात. हे सगळं मेल्यावर. आमच्या मालकांना तेवढा दम निघाला न्हाई.

मालकांचं नाव मी घेत न्हाई. गाव त्यांना रामलिंगअप्पा म्हणायचं. पिंगळीत टेसनाच्या वाटेवर आमचं किराणा दुकान होतं. माणूस लय तोंडाळ, गुळाच्या ढेपेवर थट्टा फुकट. वरीसभर खोकत होते. मग पाठ धरली, मग खुबा धरला. शेवटी मीच आगगाडीत घालून हैदराबादला नेलं. तिथल्या डाक्टरनं छातीचा बिजलीचा फोटू काढला, खिडकीच्या उजेडात धरला आन् म्हणला, "फेफड़े में सरतान है. हड्डियों में भी उतरा है, शायद."

सरतान म्हणजे कॅन्सर, हे मला बाहेर कंपाउंडरनं सांगितलं. त्याला औषध न्हाई आन् तो दुसऱ्याला लागतबी न्हाई, हेबी त्यानंच सांगितलं.

मी पदर तोंडाला लावून रडायले. हे म्हणले, "रडतीस काय? शायद म्हणला न्हवं? म्हणजे हाडांचा मुकदमा अजून चालू हाय." परत येताना पूर्णा येईपर्यंत सगळा डबा हसवला ह्यांनी. मला असा राग आला, वाटलं, ह्यांना इथंच उतरवून द्यावं.

पण हाडं काही ऐकेनात. महिन्या-दोन महिन्यांत मांडी घालून बसणं गेलं. उताणं झोपलं की पाठीत कळ, कुशीवर वळलं की खुब्यात. दुकानाच्या खांबाला टेकून उभेच राहायचे. त्यातच लेकीचा निरोप आला. आमच्या महादेवीला मुलगा झाला. पहिली पोरगी माझ्याकडं झाली होती, हे दुसरं बाळंतपण सासरी, दोन कोसांवरच्या गावात. बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचा दिवस ठरला होता.

हे म्हणले, "मला नातू मांडीवर घ्यायचाय."

एवढंच मागितलं बघा. जन्मभर मागं लागून काही मागितलं न्हाई त्या माणसानं. मी बाळाला इकडं आणायचा निरोप धाडला. महादेवीची सासू शिवम्मा लय खमकी. तिचा उलटा निरोप आला, खोकल्याच्या घरात ओलं बाळ धाडायचं न्हाई. कंपाउंडरचं बोलणं मी पुन्हा सांगून धाडलं, तर म्हणली, कंपाउंडरला काय कळतंय.

मग बैलगाडी जुंपली. खाली कडबा, वर दोन गाद्या. वेस ओलांडायच्या आत पहिल्याच खड्ड्याला ह्यांनी अशी किंकाळी फोडली की बैल बुजले. गाडी मागं फिरवली. त्या दिवशी मात्र हे थट्टा न करता भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ते हसणं बरं होतं म्हणायची माझ्यावर पाळी आली.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी सुताराला बोलावलं. म्हणले, "लिंबाजी, माझं विमान करून ठेव. मेल्यावर तू घाई करशील आन् वाकडं करशील. आत्ताच माप घे."

"मालक, असं बोलू नये," लिंबाजी म्हणला.

"अरे, मला जित्तेपणी बसता येईना. मेल्यावर कसा बसीन? नीट विचार करून कर."

मी दोघांनाबी शिव्या घातल्या. दारात मेल्या माणसाचं सामान, अवलक्षण न्हाई तर काय? पण लिंबाजीनं खरंच डोकं चालवलं. मेल्या माणसात काही जोर नसतो, म्हणून पाठ तिरकी केली. मान लटकू नये म्हणून उशी, अंग घसरू नये म्हणून बगलेखालून धोतराचे पट्टे, पाय लोंबू नयेत म्हणून खाली फळी. बूड टेकायला कापूस भरलेली गादी. आन् मापाला म्हणून आमच्या मालकांना अलगद उचलून त्यात ठेवलं.

ह्यांनी उशीला डोकं टेकवून डोळे मिटले. मी घाबरले, म्हणलं, गेले की काय.

"नीलम्मा," हे म्हणले, "दुखायचं थांबलं."

मग काय विचारता. उठायचं नावच न्हाई. दोन दिवस विमानात बसून मीठ-मिरची विकली. गिऱ्हाईक दारात येऊन थबकायचं, हे म्हणायचे, "या, मेल्या माणसाकडं तोलात खोट नसती." लिंबाजीला म्हणले, "मेलेल्यांची लय चैन हाय रे, उगं लोक भ्यायलेत." आन् तिसऱ्या सकाळी, लिंग बांधायच्या दिवशी, माझ्याकडं बघून म्हणले, "हे खांद्यावर उचलतात, न्हवं? खांद्याला खड्डे लागत न्हाईत."

मी कपाळाला हात लावला. पण खोटं कशाला बोलू, माझं मन तेवढ्यात दोन कोस पुढं पळालं होतं.

लिंबाजीनं माणसं जमवली. आमच्यातली भजनी मंडळी, म्हणली, एवीतेवी यायचंच हाय, आज येतो. भस्माचे पट्टे ओढून, पांढरं धोतर नेसून मालक वर. कुणीतरी हौसेनं माळाबी बांधल्या. टाळ वाजवत निघालो. मी मागून, रागात, भाकरीचं गाठोडं घेऊन.

वाटेत शेतातल्या बाया हात जोडायच्या. पुढं पोलीस जमादार सायकलीवरून आला. निजामाचं राज्य, ते दिवस तंग, चार माणसं गात चालली तरी विचारपूस.

"जुलूस की इजाजत है?"

"जुलूस न्हाई साहेब, मय्यत हाय," लिंबाजी घाबरून म्हणला.

जमादारानं टोपी सारखी केली आन् बाजूला झाला. तेवढ्यात मय्यतीला खोकला आला. हे डोळे उघडून म्हणले, "आदाब अर्ज."

जमादाराची सायकल पडली.

"अभी मरा नहीं," हे म्हणले, "शायद."

तो बिचारा हसून हसून खाली बसला. "मय्यत बड़ी खुशमिजाज है," म्हणला. मग उठून त्यानं पुढच्या आंब्यापर्यंत खांदा दिला. म्हणला, मय्यतीला खांदा दिला की सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो, मेलेली असो नसो.

लेकीच्या गावात मात्र घोटाळा झाला. आधी निरोप धाडायचं कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई. शिवम्मानं ओट्यावरून विमान बघितलं, टाळ ऐकले आन् तिथंच बसकण मारून गळा काढला. "कुठं चाललाव हो रामलिंगअप्पा, नातवाचं तोंड न बघता. मीच पापिणीनं बाळ धाडलं न्हाई हो." शेजारणी धावल्या, त्यांनीबी सूर धरला. महादेवी आतनं बाळंतिणीचं फडकं डोक्याला तसंच, पळत आली आन् बापाच्या पायावर पडली.

"विहीणबाई," हे वरून म्हणले, "रडून झालं असलं तर तांब्याभर पाणी द्या."

एकीकडं किंकाळ्या, एकीकडं हसू, कुत्री भुंकायलेत. मी मधी उभी, कुणाकुणाला म्हणून सांगू?

विमान ओट्यावर टेकवलं. शिवम्मा डोळे पुसत, लाजून लाल झालेली. हे एकदम गंभीर झाले. तोंडाला उपरणं गुंडाळून घेतलं. "विहीणबाई, खोकला हाय, ते खरं हाय. तुमी न्हाई म्हणलाव तर मी लांबूनच बघतो. राग न्हाई धरणार."

मी शिवम्माकडं बघत होते. तिनं न्हाई म्हणलं असतं तर मी तिला काय केलं असतं, ठाऊक न्हाई.

शिवम्मा आत गेली. स्वतः बाळ घेऊन आली. "तुमच्या नावानं रडून झालंय माझं," ती म्हणली. "आता मेल्या माणसाला न्हाई कशी म्हणू?" आन् बाळ ह्यांच्या मांडीवर ठेवलं.

विधीला आलेल्या स्वामींनी तिथंच, त्या मांडीवरच, बाळाच्या गळ्यात लिंग बांधलं. बाळानं लगेच आजोबाचं धोतर भिजवलं. हे हसायले, हसताना बरगडीत कळ आली, कळ गिळून पुन्हा हसायले. मला त्यांच्यावर इतकी माया आली की आता लपवून ठेवायची कुठं, तेच कळेना.

ऊन कलतं झालं. लिंबाजी हळूच म्हणला, "वहिनी, निघावं का? वाट लांब हाय."

बाळ झोपलं होतं. हेबी डोळे मिटून, एक हात बाळाच्या पाठीवर. मी वाकून बघितलं, उपरणं श्वासानं हलत होतं.

"बसू दे," मी म्हणले. "आत्ता कुठं बसलेत."