न पाहिलेल्या उन्हाची वही

"भिवा, तूच लाइन बंद करत होता. कबूल कर न् मोकळा हो!" द्वारकाबाई भर ग्रामसभेत कडाडल्या. भाद्रपदात पावसानं दडी मारलेली, त्यात एक हप्ताभर ऐन दुपारी वीज जायची. पाण्यावाचून त्यांच्या मोसंबीची फळं गळून गेली होती.

वायरमन भिवा हात जोडून सांगत होता, "मावशे, आभाळ येऊन-जाऊन राह्यलं होतं. सूर्य झाकला की सोलरची वीज एकदम घटायची. सगळा बोजा लाइनीवर यायचा, मंग ती आपोआप बंद पडायची. म्या हातबी लावला न्हाई."

खरंखोटं करायला सोलर कंपनीच्या अर्पिता मॅडम आल्या होत्या. नोंदीचं यंत्र नेमकं त्या हप्त्यात बिघडलेलं, म्हणून त्यांनी प्लँटचा राखणदार रायभान याची वही पुढं ठेवली. दर तासाला मीटर बघून आकडा लिहायचा, एवढंच त्याचं काम.

"एकही तास कोरा नाही," मॅडम म्हणाल्या. "अशी वही मी कुठं पाहिली नाही. या आकड्यांवरून वीज भरपूर तयार झालेली दिसते. म्हणजे लाइन कुणीतरी हातानंच बंद केली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी रायभानच्या खांद्यावर शाल टाकली. लाजेनं त्याचे कान तापले. त्या हप्त्यात तो प्लँटवर नव्हताच. बहिणीकडं कुंभार पिंपळगावला मेंढरं कातरायला गेला होता आणि आल्यावर त्यानं आधीच्या हप्त्याचे आकडे थोडे इकडंतिकडं करून भरून टाकले होते. ऊन काय, रोजचंच, असं त्याला वाटलं होतं. आता त्यापायी भिवाची नोकरी चालली होती.

"रायभानदादा," भिवाचा आवाज चिरकला, "तू तर तिथंच होता. सांग ना, आभाळ आल्तं का न्हाई?"

रायभाननं शाल काढून टेबलावर ठेवली. समोर बायकांत त्याची बायको जयवंताबाई बसली होती. तिच्याकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"मला ठावं न्हाई, भिवा. मी गावातच नव्हतो, पिंपळगावला गेल्तो. मागल्या पानावरून उतरवलं सगळं."

मॅडमनी त्या सात पानांवर एकेक फुली मारली.

भिवानं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर रायभानला सोसलं असतं. पण तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, म्हंजे तू पिंपळगावहून नुकता आला असशील, तवा लोक माझ्या दारापुढं जमले होते. 'भिवानंच लाइन बंद केली' असं सगळ्यात मोठ्यानं तूच वरडत होता."