मुरमाचं वळण

शिरसाठ सरांनी पिशवीतून काढून समोर ठेवलेले बूट साक्षीनं उचलले, दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि जोडी परत त्यांच्या हातात दिली.

"तुमच्याजवळच राहू द्या, सर."

"घालून तरी बघ. मग ठरव."

"ठरलंय."

सर सिन्नरच्या तिच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक होते आणि तीन वर्षं तिला पळवत होते. मागच्या वर्षी तिच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आणि निवडीच्या दिवशी ती पाय उशीवर ठेवून घरी बसली. यंदा बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आजच्या शर्यतीतल्या पहिल्या सहा मुली विभागाच्या संघात जाणार होत्या, आणि साक्षीसाठी यानंतर अशी शर्यत नव्हती.

नवस आईनं बोलला होता, पाय मात्र साक्षीचे होते. हाड जुळलं तर पोरगी नवरात्रात अनवाणी राहील, असं आशाबाईंनी वणीच्या देवीच्या दिशेला हात जोडून म्हटलं होतं. पूर्वी दरवर्षी नऊ दिवस त्या स्वतःच अनवाणी राहायच्या. मग रक्तात साखर निघाली, टाचेची जखम चिघळली, आणि डॉक्टरांनी त्यांना घरातसुद्धा चप्पल घालायला लावली. स्वतःचे पाय देता येईनात, म्हणून त्यांनी मुलीचे दिले. यंदाची शर्यत आधी भाद्रपदात होती. पाऊस लांबला, मैदानाचा चिखल झाला, आणि नवी तारीख काढताना कॅलेंडरातल्या तिथीकडे कुणी पाहिलं नाही. शर्यत नवरात्रात आली.

"देवीला बुटांचा राग आहे का?" सर म्हणाले. "उपास मीही धरतो. पण कुणाला उपाशीपोटी पळायला लावत नाही."

"माझा विश्वास नाही, सर."

"मग?"

साक्षी बनियनवर नंबर लावत होती. तिनं एक पिन तोंडातून काढली.

"बूट घालून हरले, तर आई म्हणेल, नवस मोडला म्हणून हरली. जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल. अनवाणी हरले, तर निदान खड्यांना बोल लावता येईल."

"आणि आलीस सहात?"

"तर देवीनं आणलं."

"म्हणजे तुझं त्यात काहीच नाही."

तिनं खालची पिन लावली आणि नंबर सरळ आहे का ते हातानं चाचपून पाहिलं.

मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या कडेनं मार्ग आखला होता. आधी गवत, मग द्राक्षबागांमधली ट्रॅक्टरची वाट, मग कालव्याजवळचं मुरमाचं वळण आणि पुन्हा गवत. अशा पाच फेऱ्या. आदल्या संध्याकाळी आई तिच्याबरोबर मार्ग बघायला आली होती. वळणावर थांबून तिनं चपलेच्या टोकानं दोन-चार खडे उलटे केले होते. रात्री दोघी पंचवटीत मावशीकडे राहिल्या. पहाटे आई लवकर उठली.

"मी कालिकेच्या दर्शनाला जाऊन येते," ती दारातून म्हणाली होती. "तू सरांसंगं हो पुढं."

सुरुवातीच्या रेषेवर मुली उड्या मारत अंग गरम करत होत्या. पंच म्हणून आलेल्या सगळ्या बायका त्या दिवसाच्या रंगाप्रमाणे मोरपिशी साड्यांत होत्या. त्यांतल्या एकीनं साक्षीच्या पायांकडे पाहिलं, शेजारच्या पंचांना काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. बुटांची सक्ती नव्हती.

आरोही शेजारी येऊन उभी राहिली. ती नाशिकच्या कॉलेजची. दोघी शाळेपासून एकमेकींच्या मागेपुढे पळत आल्या होत्या.

"काय गं, बूट चोरीला गेले का?"

"सुट्टीवर आहेत."

"दसऱ्यापर्यंत?" आरोही हसली. "माझी काकीपण करते. पण ती ऑफिसला रिक्षानं जाते."

पिस्तूल वाजलं.

गवतावर दव होतं आणि पाय थंड पडले. अनवाणी ती आठवडाभर चालली होती, पळाली नव्हती. बुटांत तिची टाच आधी टेकायची. इथं दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच तो दणका गुडघ्यापर्यंत पोचला आणि पाऊल आपोआप पुढच्या भागावर पडू लागलं. पोटऱ्या ताणल्या. हे शेवटच्या फेरीत महागात पडेल हे तिला कळत होतं, पण दुसरा मार्ग नव्हता. ट्रॅक्टरच्या वाटेवर चाकांच्या खाचा वाळून कडक झाल्या होत्या. ती मधल्या गवताळ उंचवट्यावरून पळाली.

वळण आलं तेव्हा तिनं दात आवळले. पण काही टोचलं नाही.

तिनं खाली पाहिलं. वळणाच्या आतल्या अंगाला एक पट्टा झाडलेला होता. मातीवर खराट्याच्या बारीक रेघा होत्या, कमानीसारख्या, एकीला लागून एक. खडे बाहेरच्या बाजूला लोटलेले. पट्टा एका माणसापुरता होता, वळणाबरोबर वळत गवतापर्यंत गेलेला. आयोजकांनी झाडलं असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या फेरीला त्या रेघा इतरांच्या बुटांखाली पुसल्या गेल्या होत्या. जवळचा रस्ता तोच असल्यामुळे सगळ्याच मुली तिथूनच पळत होत्या.

तिसऱ्या फेरीला दोरीपलीकडे आई दिसली. पदर कमरेला खोचलेला, पायांत चपला, हातात मावशीच्या मोरीतला खराटा.

"खाली बघ!" आई ओरडली. "माझ्याकडं काय बघती, खाली बघ!"

साक्षीनं खाली पाहिलं.

चौथ्या फेरीत पुढच्या दोन मुली दमून मागे पडल्या आणि साक्षी पुढे सरकली. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा सर फक्कीच्या रेषेलगत धावत आले. बुटांची जोडी त्यांच्या गळ्यात लटकत होती.

"सातवी! सातवी आहेस!"

सहावी आरोही होती. वाटेवर साक्षीनं अंतर हळूहळू कमी केलं. पोटऱ्या आता दगडासारख्या झाल्या होत्या. वळणाशी येईपर्यंत तिला आरोहीचा श्वास ऐकू येऊ लागला. तो तुटक होता. पण वळण संपलं की गवताचा सरळ तुकडा, आणि सरळ तुकड्यावर शेवटचा जोर लावण्यात आरोही कायम तिच्याहून सरस होती. पुढे जायचं तर इथेच जायला हवं होतं.

आरोही झाडलेल्या पट्ट्यात शिरली. एकीपुरती जागा होती, ती भरली.

साक्षी बाहेर वळली.

पहिला खडा टाचेखाली आला, दुसरा अंगठ्याच्या मुळाशी. पाय उचलला की दुखणं थांबत होतं, म्हणून तिनं पाय लवकर लवकर उचलले. आतून लोटलेले खडेही इथंच पडले होते. त्यामुळे ही बाजू काल होती त्याहून वाईट होती.

"आत हो!" आई ओरडत होती. "अगं, आत हो ना! आत!"

आरोहीचा खांदा बाजूला आला आणि मागे गेला. काहीतरी तळव्यात रुतलं आणि तसंच राहिलं. गवत आलं. मागच्या पावलांचा आवाज वाढत होता. साक्षीनं मान वळवली नाही. अंतिम रेषेवर मोरपिशी साडीतल्या बाईंनी तिच्या हातात सहाचा आकडा लिहिलेला, पत्त्याएवढा कागद ठेवला, आणि तो घट्ट धरून ती गवतावर बसली.

आरोही जवळच गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहिली. तिच्या हातातही कागद होता. तिनं तो पाहिला, घडी घातली आणि आपल्या सरांकडे चालत गेली.

आई कालव्याकडून खराटा घेऊनच आली. शिरसाठ सर आधीच उकिडवे बसले होते.

"आली बरं का, ताई. सहावी आली."

"सहावी?" आशाबाईंनी साक्षीकडे पाहिलं. "पहिली नाय?"

"सहा जणी घेतात."

"मग चांगलं हाय."

त्यांनी खराटा गवतावर ठेवला, खाली बसून साक्षीचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि बाटलीतल्या पाण्यानं धुतला. रक्त गेलं, पुन्हा आलं. बांगडीत अडकवलेली पिन काढून त्यांनी तळव्यातला खडा टोकरायला सुरुवात केली. साक्षीनं ओठ चावला.

"कालिकेला गेली नाहीस?"

"लय गर्दी असती तिथं. देवी कुठं पळून चालली."

खडा निघाला. ज्वारीच्या दाण्याएवढा होता. आशाबाईंनी तो बोटांवर घेऊन पाहिला आणि लांब फेकला. मग पदराच्या टोकानं तळवा दाबून धरला.

"अंधारात बॅटरी धरून एवढं झाडलं मी," त्या म्हणाल्या. "त्यातून का नाय पळाली?"

"तिथं आरोही होती."

आशाबाईंनी कालव्याकडे पाहिलं. आता मुलांची शर्यत सुटली होती आणि वळणावर धूळ उठत होती.

"मग अजून जरा रुंद झाडायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.