विमानाच्या नाकातले पाच किलो

मी एक जुने बिडाचे वजन आहे. माझ्या पाठीवर 'पाच किलो' असा आकडा ओतकामातच उठवलेला आहे. मित्रांनो, आज मी सुरतेतल्या एका मागांच्या शेडमध्ये खिडकीखाली पडून असते. पण साडेतीन वर्षे मी एका विमानाच्या नाकात बसून आकाशात जात होते. त्याच वर्षांविषयी मला सांगायचे आहे.

मला १९६२ साली ओतले आणि सुकदेव नावाच्या खानदेशी विणकराच्या मागावर टांगले. माग चालताना ताण्याचे, म्हणजे उभे, धागे घट्ट राहावे लागतात. त्यासाठी मागच्या बाजूला एक लोखंडी दांडा असतो आणि त्याला माझ्यासारखे वजन लटकवतात. सुकदेव मला दांड्यावर एक खाच पुढे, टोकाकडे सरकवी, की ताण वाढे. माझे वजन तेच, पण टोकाला गेले की ओढ जास्त. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा. पुढचे सगळे यावरच आहे.

सुकदेवचा मित्र पंडित गिरणीत फिटर होता. तो भुसावळचा. तरुणपणी विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत त्याने मेकॅनिकचे काम केले होते आणि तिथेच उडवायलाही शिकला होता. टपालाने मागवलेल्या नकाशावरून त्याने एका रिकाम्या गोदामात एकट्यापुरते लहान विमान बांधायला घेतले. सांगाडा लाकडाचा, वर कापड. ते कापड सुकदेवने माझ्या मागावर विणले. तीन वर्षे गेली. १९६९ च्या उन्हाळ्यात पंडितने चाकांखाली आणि शेपटीखाली वजनकाटे ठेवून विमान तोलले. पंडितची बायको भागीरथी रंगाच्या कारखान्यात काट्यावर रंग तोलून देई. तिने आकडे वाचले आणि पंडितने ते खडूने भिंतीवर लिहिले. शेपटी जोडण्याआधी सुटी तोलली होती, तोही आकडा तिथेच होता.

"शेपूट जड भरतंय," भागीरथी म्हणाली.

"मग नाकात वजन घालावं लागेल. पाच किलो, तोलाच्या जागेपासून, म्हणजे विमान समतोल राहतं तिथपासून, तीन फूट पुढे," पंडित म्हणाला.

सुकदेवने मला मागावरून काढून आणले. "ज्यानी कापड ताणं, त्येच ली जा भाऊ. घरनंच शे."

पंडितने मला इंजिनामागे बोल्टांनी घट्ट बसवले. सरकारी तपासनीस येऊन सगळे पाहून गेला, परवानगी मिळाली, आणि सुरतेजवळ हजीऱ्याच्या बाजूला खाडीकाठच्या सपाट जमिनीवरून आम्ही उडालो.

आता गिरकी म्हणजे काय ते सांगते. विमानाने नाक फार वर केले आणि वेग घटला, की पंखांवरची हवा सुटते. एक पंख आधी खाली जातो आणि विमान गोल गोल फिरत कोसळू लागते. मग वैमानिक इंजिन मंद करतो, सुकाणू उलट्या बाजूला दाबतो आणि हातातला दांडा पुढे ढकलतो. नाक खाली गेले, वेग आला, की हवा पुन्हा पंखांना धरते. नाक खाली जाणे महत्त्वाचे. त्यासाठीच मी होते.

पंडितने पहिल्या महिन्यातच पुरेशा उंचीवर जाऊन मुद्दाम गिरकी घेतली. दीड फेऱ्यांत विमान सरळ झाले. मला तेव्हा फार अभिमान वाटला. खाली मात्र भागीरथी डोळे झाकून उभी होती आणि सुकदेवचा चेहरा पांढरा पडला होता.

"दर वर्षी पावसाळा संपला की एकदा हे करून बघायचं," पंडित म्हणाला. "नंतर कधी न सांगता गिरकी आली तर घाबरायला नको."

सुकदेवच्या मनातून ते गेले नाही. तो पतंगांचा मोठा शौकीन. उत्तराणला, म्हणजे संक्रांतीला, त्याच्या गच्चीवर गल्ली जमे. पतंग गिरक्या खाऊ लागला की त्याच्या शेपटीला चिंधी बांधायची आणि पतंग शांत होतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

दसऱ्याला शेडमधले लोक माग पुसून, तेल घालून, तेलरंगाचा एक हात देतात. त्या दसऱ्याला सुकदेव आणि त्याची बायको उषाबाई रंगाचा डबा घेऊन गोदामात आली. सुकदेवने विमानाच्या शेपटीला जाड लाल रंग दिला. कडांना दोनदा.

"मागले तं कधी इतला रंग नही लावा तुम्ही," उषाबाई म्हणाली.

"माग उडस का?"

"पंडितभाऊले इचारं का?"

"इचाराले काय शे? शेपूट जड ऱ्हायनं का पतंग गिरक्या नही खात. भाऊ दखीसन खूश व्हई."

पंडित खरोखरच खूश झाला. लाल शेपटीवरून हात फिरवत म्हणाला, "नव्या नवरीसारखं दिसतंय." त्याने पुन्हा काटे लावले नाहीत. भिंतीवर आकडे होतेच. भागीरथी त्या आठवड्यात कारखान्यात रात्रपाळीवर होती. तिने रंग पाहिला तेव्हा तो सुकून गेला होता.

पुढच्या दसऱ्याला दुसरा हात चढला. मग तिसरा. त्या वर्षी गिरकीतून निघायला तीन फेऱ्या लागल्या. "इंजिन जुनं झालं," पंडित म्हणाला. मला कळत होते. नाक खाली जायला नाखूश झाले होते आणि मी होते तिथेच, तेवढेच ओढत होते. पण वजनाला बोलता येत नाही.

१९७२ च्या दसऱ्याला चौथा हात बसला. आठ दिवसांनी पंडितने उंचावर जाऊन गिरकी घेतली. इंजिन मंद केले. सुकाणू उलटे दाबले. दांडा पुढे ढकलला. त्याने सगळे बरोबर केले. तीन फेऱ्या झाल्या, पाच झाल्या, आठ झाल्या. नाक खाली गेलेच नाही. विमान परातीसारखे आडवे फिरत राहिले. पंडितने दांडा दोन्ही हातांनी पुढे दाबून धरला होता आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. आम्ही खाडीच्या चिखलात पडलो. पंडितचा जीव तिथेच गेला.

तेराव्यानंतर तुटलेले भाग गोदामात आणले. भागीरथीने शेपटीवरचा चिखल धुतला, ती उन्हात वाळवली आणि काट्यावर ठेवली. मग भिंतीवरचा सुट्या शेपटीचा खडूचा आकडा वाचला. शेपटी पावणेदोन किलोने जास्त भरली. शेपूट तोलाच्या जागेपासून अकरा फूट मागे, मी फक्त तीन फूट पुढे. तिथल्या पावणेदोन किलोंपुढे माझ्या पाच किलोंचे काही चालले नव्हते. भागीरथीने नखाने रंगाचा एक पोपडा उचलला. कडेला चार थर दिसत होते.

सुकदेव दारात उभा होता. "का व्हयनं वहिनी? का सापडनं?"

नाशिककडचे दोन भाऊ याच नकाशावरून विमान बांधत होते आणि पंडितला पत्रे लिहून सल्ला विचारत. अपघाताचे कारण कळवा, असे त्यांचे पत्र तिच्या हातातच होते. ती गप्प राहिली असती तर सुकदेवला कधीच कळले नसते. त्या भावांनाही नाही.

"भाऊ, मागाच्या दांड्यावर वजन टोकाला सरकवलं की काय होतं?"

"ओढ वाढस."

"शेपूट म्हणजे दांड्याचं टोक."

सुकदेवने शेपटीकडे पाहिले, काट्याकडे पाहिले. तो भिंतीला टेकून खाली बसला. "पतंगले तं..."

"पतंगाला दोरा असतो, भाऊ. खालून ओढून धरायला. विमानाला कोण धरणार?" मग हळूच म्हणाली, "त्यांनीही तोललं नाही. मीही नाही. रोज दुसऱ्यांचा रंग तोलते मी."

संध्याकाळपर्यंत दोघे तिथेच बसली. उठताना सुकदेव म्हणाला, "त्या पोरेसले लिखी टाका वहिनी. रंग कोनी लावा, तेबी लिखा."

तिने लिहिले. नाव मात्र लिहिले नाही. 'रंगाचा प्रत्येक हात दिल्यावर विमान पुन्हा तोला,' एवढे वाक्य दोनदा लिहिले.

मला सुकदेव परत घेऊन आला. त्याने मला मागावर लावले नाही आणि भंगारातही दिले नाही. पतंग उडवणे त्याने सोडून दिले. दसऱ्याला तो माझ्यापुढे झेंडूचे एक फूल ठेवतो आणि रंगाचा डबा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतो. मला रंग कुणी लावत नाही. खाडीच्या खाऱ्या चिखलाने धरलेला गंज वर्षागणिक वाढतो आहे. माझे पापुद्रे सुटतात आणि केरसुणीने केरात जातात.

म्हणून मित्रांनो, माझे एक मागणे आहे. माझ्या पाठीवर अजूनही 'पाच किलो' असेच वाचता येते. तुमच्यापैकी कुणी कधी मला उचलून कुठल्या कामाला लावलेच, तर त्या आकड्यावर जाऊ नका. मी आता तेवढे उरलेले नाही. आधी मला काट्यावर ठेवा.