चोविसाव्या तासाचं माप

प्रयोगशाळेतल्या इनक्युबेटरमध्ये सहा डिश होत्या. प्रत्येकीच्या तळाशी त्वचेच्या पेशींचा एक थर, आणि त्या थरात मधोमध काल सकाळी तिनेच काढलेला सरळ ओरखडा, आठशे मायक्रॉन रुंद. तीन डिशमधल्या पेशी होत्या तशाच. उरलेल्या तिनांत एक प्रथिन वाढवलेलं होतं. सगळ्या पेशी तिच्या बाबांच्या. बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते.

आजचं माप मी घेते, तू घरी जा, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दोनदा म्हणाल्या. तिने नकारार्थी मान हलवली. या पेशी आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पुढे वाढणार नव्हत्या. ही शेवटची खेप.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं मशीनचं पेडल मारलं, आणि मधुमेहाने नेमकी टाचच धरली. जखम भरेना. जखमेच्या काठची मसुरीएवढी कातडी बाबांनी हौसेने प्रयोगाला दिली होती. फरशांसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी ते प्रथिन मिळालं की लांबट होतात, पाय फुटल्यासारख्या रिकाम्या जागेकडे सरकतात. जनुकांचे खटके दाबणारं प्रथिन, असं तिने त्यांना सांगितलं होतं. मोबाइलवरचे फोटो ते चष्मा लावून, शिवण तपासावी तसे बघत.

"टाका न घालता काठ जुळवतात? माझ्याहून बरे कारागीर आहेत की. मजुरी काय घेतात?"

"साखरपाणी."

"म्हणजे माझी बंद केलेली साखर तिकडे जाते होय!"

मग सर्जन म्हणाले, सोमवारपर्यंत घोट्याच्या वर पाय कापावा लागेल. बाबा त्यांच्याऐवजी तिच्याकडे वळले.

"तुझ्या बशीत भरतेय ना गं जखम?"

"भरतेय, बाबा."

खोटं काहीच नव्हतं. बाबांनी सर्जनना सांगून टाकलं की पोरगी रोज मोजते, तेव्हा थोडं थांबू. ती शेजारीच उभी होती. बशीत जंतू नसतात, तुंबलेल्या रक्तवाहिन्या नसतात, ते प्रथिन तुमच्या टाचेत कुणी घातलेलंच नाही, एवढंच सांगायचं होतं. पण कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला होता. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. तिसऱ्या दिवशी जंतू रक्तात उतरले.

तिने एकेक डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. साध्या तिनांत पाचशे बारा, चारशे अठ्ठ्याण्णव, पाचशे तीस मायक्रॉन अजून मोकळे. चौथीत वीस, पाचवीत अकरा. सहावीत ओरखडा सापडेना. पेनाने तळाला केलेली खूण तेवढी दिसत होती. दोन्ही काठांच्या लांबट पेशी एकमेकींत शिरल्या होत्या. तिने भिंग बदललं, पुन्हा पाहिलं, मग वही ओढली.

डिश सहावी. तास चोवीस. उरलेलं अंतर शून्य.