मध्यंतरानंतरच्या रिकाम्या खुर्च्या

बर्फाचा कारखाना बंद पडला तेव्हा ती जागा कुणालाच नको होती. जाड भिंती, खिडकी औषधालाही नाही. तिथं नाटकं करायचं खूळ धाकट्या भावाच्या डोक्यात शिरलं, आणि थोरल्या बहिणीनं शाळेतली नोकरी करून संध्याकाळी तिकीटखिडकी सांभाळायचं कबूल केलं. एकशे चाळीस खुर्च्या बसल्या. धाकट्याला सगळे मास्तर म्हणू लागले आणि तिला ताई.

नाटकांना गर्दी व्हायची. पण मध्यंतर झालं की तीसेक खुर्च्या रिकाम्या. हे मास्तरांच्या जिवाला लागलं.

"दुसरा अंक पडतोय," असं म्हणत ते पुन्हा लिहायला बसायचे. कधी मरणारा वाचायचा, कधी वाचलेला मरायचा. रोजच्या नव्या पानांनी नटांच्या नाकी नऊ आले. मास्तरांची बायको नायिका. तिनं एकाच नाटकाचे चार शेवट पाठ केले होते.

तिसऱ्या वर्षी एकदा ताईंनी निघून जाणारी माणसं नीट पाहिली. बहुतेक बायका, आणि मागोमाग चुळबुळत त्यांचे नवरे. नेहमी येणाऱ्या एका नर्सला त्यांनी थांबवलं.

"शेवट आवडत नाही का हो?"

"शेवट बघितलाय कुणी?" नर्स म्हणाली. "बायकांना जायला जागा कुठंय इथं? पुरुष शेजारच्या गॅरेजात जातात. आम्ही घरी जातो."

कारखान्याचा एकुलता एक संडास रंगमंचाच्या मागं होता, तो नटांना. ताई ओशाळल्या. प्रयोगाच्या दिवशी दुपारनंतर त्या स्वतः पाण्याचा घोट घेत नसत. तीन वर्षं. आणि त्यात काही वावगं आहे, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला गाठलं.

"तुझा दुसरा अंक चांगला आहे. बायकांसाठी संडास बांध."

"ताई, मी रक्त आटवून शेवट बदलतोय आणि तू मला संडासाचं सांगतेस?"

"हो."

"बांधू कुठं? डोक्यावर?"

"तुझ्या खोलीत. बर्फाचं पाणी जायचं ते गटार तिच्याच खालून जातं."

ती दाराजवळची खोली म्हणजे मास्तरांची लिहायची जागा. आठ दिवस ते बहिणीशी बोलले नाहीत. शेवटी त्यांच्या बायकोनं तिढा सोडवला. "पाचवा शेवट मी पाठ करणार नाही," तिनं जेवताना सांगून टाकलं. "प्लंबरला बोलवा, नाहीतर दुसरी नायिका बघा."

महिनाभरात दोन संडास उभे राहिले. मास्तरांनी गुपचूप पहिलाच शेवट परत आणला. पुढच्या प्रयोगाच्या मध्यंतराला बायकांची रांग फाटकापर्यंत गेली, दुसरा अंक बारा मिनिटं उशिरा सुरू झाला. मास्तर विंगेतून डोकावून खुर्च्या मोजत होते. सहा रिकाम्या. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा ते तिकीटखिडकीपाशी आले आणि ताईंच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले.

पुढं त्यांचं टेबलही तिथंच आलं. कोपराला कोपर लागायचा. पान लिहून झालं की ते ताईंना वाचून दाखवायचे, आणि कंटाळवाणं असलं तर ताई तिकिटं फाडता फाडता तसं सांगायच्या. पुढची एकोणीस वर्षं नाटकं अशीच लिहिली गेली.