दोन नंबरचं कार्ड

दोघी जावांमधून विस्तव जात नव्हता, आणि सासऱ्यांनी त्यांना बसवलं होतं एकाच संगणकावर. सासरे निवृत्त वीजतंत्री. "दोन दोन मशिनं हवीत कशाला? एकाच पेटीत दोन ग्राफिक्स कार्डं बसवतो, चार पडदे लावतो, दोन कीबोर्ड जोडतो," म्हणाले, आणि करूनही दाखवलं. टेबल एक, पेटी एक. डावीकडचे दोन पडदे थोरलीचे, उजवीकडचे दोन धाकटीचे. मधे एक भिंत तेवढी घालायची राहिली.

पहिली जागा अर्थातच थोरलीची. यंत्राला काही सांगायचं असलं की ते पहिल्या जागेच्या पडद्यावरच सांगे, आणि थोरलीला त्याचा कोण अभिमान! कार्डांवर सासऱ्यांनी आकडे चिकटवले होते. एक नंबर थोरलीचं, दोन नंबर धाकटीचं. होता होता थोरली जावेलाच 'दोन नंबर' म्हणू लागली. "दोन नंबर उठली का?" असं ती सकाळी नवऱ्याला विचारी. तोही बिचारा उत्तर देई.

काम दोघींचं एकच. अजून न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यावर कशा दिसतील, त्याची चित्रं करायची. ऊन, सावली, काचेतलं प्रतिबिंब सगळं हुबेहूब. थोरली एका वास्तुविशारदाकडे चौदा वर्षं हे काम करत होती. धाकटीला तिथे तिनेच चिकटवलं होतं, आणि आता स्वतःलाच शिव्या घालत होती. कारण त्या माणसाने निरोप धाडला होता: यापुढे एकीलाच ठेवणार. एकाच शाळेचं प्रवेशदालन दोघींनी करा, शुक्रवारी चारच्या आत पाठवा, आवडेल ती राहील.

थोरलीने निरोप पुन्हा पुन्हा वाचला. चौदा वर्षांनी परीक्षा, आणि तीही कालच्या पोरीबरोबर! त्यातून गेल्या वर्षी आणलेलं नवं, ताकदवान कार्ड दोन नंबरच्या खाचेतच मावलं होतं. म्हणजे धाकटीचं चित्र चहा होईपर्यंत तयार, आणि थोरलीचं जेवण होईपर्यंत नाही. हे तिच्या डोळ्यांत वर्षभर खुपत होतं.

शुक्रवारी सकाळी धाकटी अंघोळीला गेली तशी थोरली टेबलाखाली शिरली. पडद्यांच्या केबली काढून अदलाबदल करून लावल्या, सेटिंगमध्ये जाऊन आपल्या जागेला दोन नंबरचं कार्ड दिलं, धाकटीच्या गळ्यात जुनं मारलं, आणि गुडघे झटकत खुर्चीवर बसली. जरा लाज वाटली. फार नाही.

धाकटी आली, बसली. तिचं चित्र मुंगीच्या पावलाने सरकू लागलं. तिने एकदा वाकून पेटीमागे पाहिलं. पण धाकटी बोलली नाही, ओठ मुडपून कामाला लागली. 'बसली मूग गिळून!' थोरलीला आतून उकळ्या फुटल्या.

नव्या कार्डावर तिचं दालन काय सुरेख उजळलं! खिडकीतून उतरणारं ऊन फरशीवर पसरलं, जिन्याच्या कठड्याची सावली नेमकी पडली. आयुष्यात इतकं चांगलं काम तिच्या हातून झालं नव्हतं. फाईल जतन करायला पाच मिनिटं लागत. ती पाच मिनिटंही तिला धाकटीला द्यायची नव्हती. शेवटी एकदाच करू, असं तिने ठरवलं.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी तिच्या पडद्यावर लाल चौकट आली: 'कार्ड क्रमांक २ चा पंखा थांबला आहे. काम जतन करून संगणक बंद करा.'

थोरलीने वाचलं. दोन नंबर. तिने तिरक्या नजरेने उजवीकडे पाहिलं. धाकटी मान खाली घालून राबत होती, तिला बिचारीला पत्ताच नव्हता. एक शब्द बोलायचा होता. थोरलीने तो गिळला. 'पुन्हा दाखवू नका' या बटणावर टिचकी मारली आणि ती पुढच्या खांबाला रंग देऊ लागली.

दहा मिनिटांनी तिचे दोन्ही पडदे काळे झाले.

आधी तिला कळेचना. तिने माऊस हलवला, कळा बडवल्या, केबल खेचली. मग सकाळ आठवली, टेबलाखालचं रांगणं आठवलं, आणि तोंडचं पाणी पळालं. ऊन गेलं, जिना गेला, सकाळपासूनचं सगळं गेलं. धाकटीचे पडदे शांतपणे चालू होते.

"त्या कार्डाचा पंखा अडकतो, ताई," धाकटी मान न वळवता म्हणाली. "महिना झाला. पार थांबायच्या आत मी पेन्सिलीने पातं ढकलते, की फिरतो."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"केबली बदलताना तुम्ही कुठे विचारलंत?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या आरड्याओरड्याने सासरे आतून धावत आले. तोवर धाकटीने चित्र पाठवूनही दिलं होतं. चाराला दहा कमी होते.

"असं कसं झालं?" सासरे काळ्या पडद्यांसमोर वाकले. "पंखा थांबला की यंत्र आधी सांगतं. मी स्वतः बसवलंय ते. पहिल्या जागेवर सूचना येते. आली नाही?"

धाकटीने आता कुठे मान वळवली आणि जावेचा चेहरा निरखून पाहिला.

"नाही आली," थोरली म्हणाली.

"मग माझंच काहीतरी चुकलं," सासरे पडलेल्या आवाजात म्हणाले. "चौदा वर्षांचं काम गं तुझं. बघायलाच हवं."

स्वतःच्या खुर्चीला कुणाला हात लावू न देणारी धाकटी उठली आणि तिने खुर्ची सासऱ्यांपुढे सरकवली.

"इथे बसा, बाबा. सूचनांची नोंद माझ्या पडद्यावरही उघडते. कधी आली, कुणी बंद केली, सगळं असतं."

सासऱ्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसून डोळ्यांवर चढवला, आणि पडद्यावर बोट ठेवून ते एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले.